काच भरलेली होती

मी चाळीस वर्षं पाणी उकळलं. कोणी धंदा विचारला की मी असंच सांगतो आणि ऐकणारा हसतो. पाणी तर घरोघरी चुलीवर उकळतं, त्यात धंदा कसला? मीही हसतो. तापलेल्यावर एकदम गार पाणी ओतू नये, हे मी बंबापाशी शिकलो आणि माणसांच्या बाबतीतही तेच पाळत आलो.

दिवाळीच्या अंकाचं काम पाहणारे आमचे मास्तर गेल्या महिन्यात घरी आले. म्हणाले, "कापसाच्या तेजीचे दिवस तुम्ही पाहिलेत, तेवढं लिहून द्या." त्यांना बहुधा बैलगाडीच्या चाकांना बसवलेल्या चांदीच्या धावा हव्या होत्या. त्या गोष्टी मीही ऐकल्या आहेत. तशी गाडी मात्र कधी पाहिली नाही, आणि जी पाहिली नाही तिच्याविषयी काय लिहू? मी पाहिलेली वस्तू एकच, हातभर लांबीची काचेची नळी. लिहीन तर तिच्याबद्दलच.

तिकडे अमेरिकेत लढाई लागली, विलायतेच्या गिरण्या कापसाला महाग झाल्या आणि आमच्या वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला. लढाई संपली तसा भाव उतरला, पण तोवर आगगाडी अकोल्याला पोचली होती आणि तिच्या मागोमाग पेच आला. पेच म्हणजे रुई दाबून गाठी बांधायचा कारखाना. मोकळी रुई गाडीत भरली तर डबा भरतो पण वजन भरत नाही. तीच दाबून लोखंडी पट्टीने आवळली की त्याच डब्यात कितीतरी जास्त मावते. पूर्वी माणसं मोठा आडवा दांडा ढकलत गोल फिरायची आणि रुई दाबायची. आता ते काम वाफ करू लागली. वाफ करायची तर पाणी हवं, आणि अकोल्यात घोडं तिथेच अडलं.

आमच्याकडचं पाणी खारं. पूर्णेच्या खोऱ्यात कुठेही विहीर खणा, तोंड वाकडं होईल असंच पाणी लागतं. पेचाच्या साहेबाने गावातल्या एकूण एक विहिरींचं पाणी चाखलं. चूळ भरायचा आणि थुंकायचा. पोरं त्याच्यामागे हसत फिरायची. शेवटी तो मोर्णेच्या काठी आमच्या बागायतीत आला. आम्ही माळी, वांगी, मेथी आणि संभार म्हणजे कोथिंबीर पिकवून विकणारे. आमच्या विहिरीचं पाणी त्याने तोंडात घेतलं आणि गिळलं. माझ्या वडलांनी तेव्हाच ओळखलं की गिऱ्हाईक हातचं जात नाही. ते म्हणाले, "पानी घेऊन जा सायेब, पन माया पोराले कामाले लावा." असा मी पाण्याबरोबर पेचात गेलो. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

पेचाच्या मागच्या अंगाला बंबघर होतं. तिथला मालक साहेब नव्हता, इमामभाई होता. आम्ही सगळे त्याला उस्ताद म्हणायचो. मूळ बाळापूरचा, तरुणपणी मुंबईला जाऊन आगबोटींवर आग सांभाळायला शिकलेला. बुटका, छातीने रुंद, आणि त्याला भुवया नव्हत्या. भट्टीच्या दारात उभं राहून राहून त्या जळून जायच्या, पुन्हा यायच्या, पुन्हा जळायच्या. त्यामुळे तो नेहमी जरा चकित झाल्यासारखा दिसायचा.

पहिल्या दिवशी त्याने मला बंब दाखवलाच नाही. दोन विटा मांडल्या, वर लोखंडी तवा ठेवला आणि खाली जाळ केला. तवा तापला तसा पाण्याचा एक थेंब टाकला. चर्र झालं आणि थेंब गेला. मग त्याने जाळ वाढवला. तवा लालसर होईस्तोवर मला गप्प बसवून ठेवलं आणि पुन्हा थेंब टाकला. या वेळी चर्र झालंच नाही. थेंब गोळी होऊन तव्यावर इकडून तिकडे पळायला लागला, आणि कितीतरी वेळ पळतच राहिला.

"तवा जास्त तापला," उस्ताद म्हणाला, "तं पानी लवकर उडाले पाह्यजे का नाई?"

"पाह्यजे."

"मंग काहून नाई उडून राह्यलं?"

मला काय माहीत! मी म्हटलं, "तुमचा मंतर आसन."

तो हसला. "मंतर नाई, बावा. त्याच्या बुडाखाली वाफेची गादी हाये. पानी गादीवर बसून फिरून राह्यलं. तव्याले शिवतच नाई. आता तवा एकटा पडला. त्याची आग उचलून न्याले कोनी नाई. असा एकटा पडलेला पत्रा मंग फाटते."

सगळा धंदा त्या तव्यात होता. वाचकांसाठी थोडं उलगडून सांगतो. बंब म्हणजे लोखंडाचं आडवं, भलंमोठं पिंप. त्याच्या पोटात भट्टी आणि भट्टीच्या चहूकडून पाणी. भट्टीच्या डोक्यावरचा पत्रा सगळ्यात नाजूक. त्याच्या खाली बाभळीचा रसरशीत जाळ, वर वीतभर पाणी. जाळ कितीही असो, वरचं पाणी पत्र्याला चिकटून उकळत असेल तर ते उष्णता उचलून नेतं आणि पत्रा वाचतो. बारीक बुडबुडे येऊन सुटत राहिले की समजावं, सगळं ठीक आहे. पण पाणी पत्र्यापासून हटलं, मग ते कमी पडल्याने हटो की मधे काही आल्याने, की पत्रा लाल होतो, मऊ पडतो, आणि वरच्या वाफेचा दाब त्याला खाली ढकलतो. आग वाढवली की वाफ वाढते, हे एका मर्यादेपर्यंतच खरं. त्यापुढे आग वाढवणं म्हणजे स्वतःच्या हाताने गादी अंथरणं.

हे न कळणारे पुष्कळ भेटले. अमरावतीचा एक शेठ होता. त्याच्या रुईच्या गाड्या पेचाच्या फाटकापासून वेशीपर्यंत खोळंबल्या की तो थेट बंबघरात शिरायचा. "लाकडं कोंबा, लाकडं! दुप्पट जाळ, दुप्पट वाफ!" उस्तादने त्याला बसायला पोतं दिलं, विटा मांडल्या, तवा ठेवला आणि दोन्ही थेंब दाखवले. शेठने वाकून तवा दोन्ही बाजूंनी पाहिला. शेवटी म्हणाला, "तुह्या तव्याचं मले नोको सांगू. मोठा तवा आन." उस्ताद इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. पुढे तोच शेठ बाजारात लोकांना तव्याची गंमत करून दाखवतो, असं आमच्या कानावर आलं. शोध त्याचाच होता म्हणे.

आता बाभळीच्या सालीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. एका उन्हाळ्यात आमची विहीर खोल गेली आणि साहेबाच्या हुकमाने पंधरा दिवस खारं पाणी वापरावं लागलं. घागरीच्या आत बसतो तसा खार पत्र्यावर बसला. खाराचा थर म्हणजे पत्रा आणि पाणी यांच्यामधली भिंतच. उस्तादने बाभळीची साल कुटून, तिचा दाट काढा करून पाण्याच्या हौदात ओतायला लावला. हौदातलं पाणी पंपाने बंबात जायचं. साहेबाने नाक मुरडलं. पण पुढे बंब गार करून उघडला तेव्हा खार चिखलासारखा हाताने निघाला. साहेबाने वही काढून काहीतरी टिपून घेतलं. मी आपला छाती फुगवून उभा. आपल्या लोकांना ठाऊक असलेल्या गोष्टी या लोखंडालाही चालतात, असं माझ्या डोक्यात तेव्हा पक्कं बसलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

बंबाच्या तोंडाशी ती काचेची नळी उभी असायची. बंबात पाणी जेवढं, तेवढं काचेत दिसायचं. शेजारी एकाखाली एक तीन पितळी तोट्या. तोटी जरा उघडली की तिच्या उंचीला पाणी असेल तर जड, भरलेला आवाज यायचा. वाफ असेल तर कोरडी शिट्टी. "काच डोयाले सांगते, तोटी कानाले सांगते," उस्ताद म्हणायचा. "दोघींची साक्ष घ्याची. एकीवर इमान ठेवलं तं मेलास." दर तासाला तो तोट्या उघडायचा. तोट्यांतून कढत पाण्याचा फवारा उडायचा, म्हणून आधी ओरडून सगळ्यांना मागे सारायचा.

माझी बायको गोदा अचलपूरकडची. तिला बंबाची फार भीती वाटायची. मला भाकर घेऊन आली की दाराबाहेर उभी राहायची. उस्ताद तिला "बेटी, आत ये, हा खात नाई कोनाले," म्हणायचा आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. त्याची बायको केव्हाच वारली होती. आमच्याकडून रोज त्याला वांग्याचं भरीत नाहीतर मेथीची भाजी जायची. एकदा बाळापूरहून येताना त्याने गोदासाठी निळ्या-तांबड्या पट्ट्यांची सतरंजी आणली. ती तिने वर्षभर वापरलीच नाही. पाहुणे आले की नुसती दाखवायची.

वऱ्हाडात कापसाची पहिली वेचणी करायच्या आधी सीतादही करतात. वावरात पाच खडे मांडून त्यांना हळदी-कुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि झाडांवर दही शिंपडायचं. दह्यासारखा पांढरा कापूस फुटावा, अशी त्यामागची भावना. गोदाच्या माहेरी हे फार निष्ठेने व्हायचं. त्या वर्षीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी जेवत होतो. ती वाढता वाढता म्हणाली, "आवो, वावराले दही देतो, मंग बंबाले काहून नाई? तोबी तं आपल्याच इहिरीचं पानी पेते. तुमी दिवसभर त्याच्याजोळ राह्यता. त्याले निवद दाखवाले पाह्यजे."

"कुठं दाखवशीन?"

"हौदात टाकीन. घागरभर दूध-दही, अन् वरतून जवसाचं तेल. चालन ना?"

मी घास खाली ठेवलासुद्धा नाही. म्हणालो, "उस्ताद बाभयीची साल टाकते, ते चालते. तं तुयं दूध कायले नाई चालन? टाक."

हे एवढंच. आयुष्यात माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक जेवताना झाली.

दुसऱ्या दिवशी पहिली गाठ बांधायची होती. पेचात काम करणाऱ्यांच्या बायका नटूनथटून आल्या. गोदा पुढे होती. हौद भिंतीच्या पलीकडे होता. तिथे त्यांनी पूजा केली, घागर ओतली, तेल सोडलं. एकीचं पाहून दुसरीने, दुसरीचं पाहून तिसरीने आपापलं दूध ओतलं. मग सगळ्या बंबघरात आल्या. त्यांनी बंबाला हळदी-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, तोट्यांनाही फुलं बांधली. उस्ताद आग पाहत होता. हौदापाशी काय झालं ते त्याला कोणी सांगितलं नाही. मीही नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नव्हतं. तोट्यांकडे पाहून तो म्हणाला, "आज याबी नवरीवानी नटल्या."

तासाची वेळ झाली. त्याने सवयीने तोटीकडे हात नेला. समोर बायका दाटीवाटीने उभ्या, दोघीतिघींच्या कडेवर लेकरं. तोटी उघडली असती तर कढत फवारा सरळ त्यांच्या अंगावर गेला असता. त्याने हात मागे घेतला आणि नुसतं काचेकडे पाहिलं. मीही पाहिलं. काच भरलेली होती. पाणी जरा गढूळ दिसत होतं आणि वरखाली हलत होतं. मला वाटलं, दूध आहे ना त्यात, दिसणारच.

दूध चुलीवर कसं उतू जातं ते प्रत्येक बाईला ठाऊक आहे. पातेल्यात पाव दूध असलं तरी फेस काठोकाठ येतो. बंबात तेच होत होतं. दूध, तेल आणि विहिरीच्या पाण्यातला उरलासुरला खार मिळून सगळा फेस झाला होता. काचेत दिसत होता तो फेस. खरं पाणी केव्हाच खाली गेलं होतं, आणि काच भरलेली दिसते म्हणून मीही पंपाने नवं पाणी सोडलं नव्हतं.

पहिली गाठ निघाली. बाहेर आरोळ्या उठल्या आणि बायका प्रसादासाठी अंगणात गेल्या. तेवढ्यात यंत्र धाडधाड आदळायला लागलं. वाफेबरोबर फेस यंत्रात शिरला होता. उस्ताद गर्रकन वळला. वरची तोटी उघडली, फेस. मधली उघडली, फेस. खालची उघडली, तिथेही फेसच, पाणी नाही. त्याने भट्टीच्या दारातून वर पाहिलं. पत्रा लाल झाला होता.

मी पंपावर होतो. पाणी कमी आहे एवढंच मला कळलं आणि माझा हात पंपाच्या दांड्यावर गेला. कुणाचाही गेला असता.

"पानी नोको सोडू!" तो ओरडला. "लाल पत्र्यावर पानी पडलं तं सारा पेच उडन! हात काढ! भायेर हो!"

मी हात काढला. बाहेर मात्र गेलो नाही. उस्तादने भट्टीचं दार सताड उघडलं आणि लांब आकड्याने आग ओढून बाहेर काढायला लागला. तेच योग्य होतं. आग काढली की पत्रा निवतो. त्याने तीनदा आकडा घातला असेल. भट्टीच्या पत्र्यात शिशाची डाट, बुचासारखी, बसवलेली असते. पत्रा फार तापला की फाटायच्या आधी ती वितळावी आणि वाफेला वाट मिळावी म्हणून. ती वितळली. वाफेला वाट मिळाली ती भट्टीत, आणि भट्टीतून उघड्या दारावाटे बाहेर. दारात उस्ताद उभा होता.

बंब फुटला नाही. अंगणात शंभरएक माणसं प्रसाद खात होती, त्यातल्या एकाच्याही केसाला धक्का लागला नाही.

उस्तादला आम्ही आमच्या घरी आणलं. बागायतीजवळ वारा होता, म्हणून ओसरीवर खाट टाकली. गोदाने ती सतरंजी काढून खाटेवर घातली. चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल घोटून कोंबडीच्या पिसाने ती त्याच्या अंगावर लावत राहिली. तेलाचा बुधला तोच होता. ती त्याच्याकडे पाहत नव्हती आणि मीही पाहत नव्हतो.

दुपारी साहेब कारकुनाला घेऊन आला. त्याने पत्रा पाहिला होता. पाण्याकडे दुर्लक्ष झाल्याशिवाय पत्रा कोरडा पडत नाही, एवढं कोणालाही दिसत होतं. कारकुनाने मला अंगणात बाजूला घेऊन विचारलं, "इमामने काच पाहिली होती का?"

मी म्हणालो, "मले नाई मालूम. मी पंपावर होतो."

कारकुनाने लिहून घेतलं. पाणी न पाहिल्यामुळे, आगवाल्याच्या हयगयीने. हयगय! दर तासाला तोट्या उघडणारा माणूस.

उस्ताद तीन दिवस जगला. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्याने मला जवळ बोलावलं. ओठ सुजले होते, शब्द सावकाश यायचे.

"महादेव, काच भरलेली होती ना रे?"

गोदा पायाशी बसली होती. तिच्या हातातलं पीस थांबलं. मी म्हणालो, "आराम करा, उस्ताद."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. "म्या पाह्यली होती. तूबी होता तिथं. भरलेली होती ना?"

"आता कायले त्याचा इचार करता?"

त्याने नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "मंग माये डोये गेले आसतीन. पोरीबायी होत्या समोर म्हनून तोटी नाई उघडली. डोयावर इमान ठेवलं. डोये दगा देऊन गेले."

मला दोनच शब्द बोलायचे होते. भरलेली होती. तुमचे डोळे खरे आहेत, काच खोटी होती, तिला आम्ही खोटं बोलायला लावलं. तो मरणारच होता. खरं ऐकून तो गोदाला बोल लावणाऱ्यातला नव्हता. उलट तिच्या डोक्यावर हात ठेवला असता. त्याला फक्त एवढं कळायला हवं होतं की आयुष्यभर ज्या डोळ्यांवर पोट भरलं, त्यांनी शेवटच्या दिवशीही काम चोख केलं होतं. मी ते त्याला दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. बाळापूरहून त्याचा भाऊ बैलगाडी घेऊन आला आणि त्याला घेऊन गेला. सतरंजी गोदाने परत मागितली नाही.

महिन्याभरात मला त्याच्या जागेवर लावलं. पुढे अमरावतीच्या पेचात गेलो आणि तिथे मलाच उस्ताद म्हणू लागले. मी तीन नियम केले. हंगामाच्या आधी हौदावर फळ्या टाकून कुलूप लावायचं. निवद दाखवायचा तो उंबरठ्याच्या बाहेर. आणि समोर साक्षात लक्ष्मी उभी असली तरी तिला मागे सारून तासाला तोट्या उघडायच्या. बायका मला नास्तिक म्हणायच्या. म्हणोत बापड्या. माझ्या हाताखाली एकही माणूस भाजला नाही, आणि हे सांगताना मला अभिमान वाटतो. खोटं कशाला बोलू?

पण अभिमान वाटला की लगेच ती खाट दिसते.

इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत आलो की मी गोदासाठी गप्प बसलो. कोवळ्या वयाची पोर, तिच्या हातून माणूस गेला हे गावाला कळलं असतं तर तिला कोणी सुखाने जगू दिलं नसतं. ऐकायला बरं वाटतं. पण तिने मला विचारलं होतं, आणि धंदा शिकलेला मी होतो. "टाक" मी म्हणालो होतो.

गोदा दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या हिवाळ्यात ती अंगणात उन्हाला पडून असायची. एका दुपारी म्हणाली, "एक इचारू?"

"इचार."

"त्या दुधानंच झालं ना?"

कोणत्या दुधाने, असं मी विचारलंच नाही. म्हणालो, "नाई वं. कोन सांगतलं तुले?"

"मंग तुमी हर साली हौदाले कुलूप कायले लावत होते?"

मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

ती म्हणाली, "मले तवाच समजलं होतं. ते इचारत होते अन् तुमी सांगत नोयते, तवाच. मी वाट पाहून राह्यली होती, आता सांगतीन, मंग सांगतीन."

"तं मंग तूच काहून नाई बोलली?"

"मी बोलली असती तं तुमचं नाव निघालं असतं. टाक म्हनून तुमीच म्हनलं होतं ना."

मी तिला झाकत होतो, ती मला झाकत होती, आणि आमच्या दोघांच्या मधे तो माणूस स्वतःच्या डोळ्यांना दोष देत मेला. त्या दुपारी आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी उन्हात बसून रडलो. त्यापुढे ती महिनाभरच होती.

तिचं दिवसकार्य आटोपलं आणि मी बाळापूरला गेलो. उस्तादचा भाऊ केव्हाच गेला होता. पुतण्या भेटला, तोही आता पिकल्या दाढीचा. त्याने मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, "आमच्या घरात काकाचं नाव घेतलं का लोक म्हनतात, तोच ना, ज्याचं पान्यावर ध्यान नोयतं? अब्बानं मंग घरातल्या कोनाले बंबाजोळ जाऊच देल्लं नाई."

मी त्याला सगळं सांगितलं. दूध, तेल, फेस, लेकुरवाळ्या बायका, बंद राहिलेली तोटी, कारकुनाला दिलेलं उत्तर. तो रागावेल असं वाटलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, "ज्याले आयकाचं होतं तो तं गेला, बाबा. आता मले सांगून काय होते? सायबाचं लिहेल हाये, तुमचं तोंडी हाये. लिहेलच राह्यते."

म्हणून मास्तर तेजीबद्दल लिहा म्हणाले तेव्हा मी हो म्हटलं. माझं अक्षर ओबडधोबड आहे. शिकलो उशिरा आणि लिहायची वेळ कधी फारशी आली नाही. पण हे कोणाला सांगून लिहून घेतलेलं नाही. माझ्याच हातचं आहे.

त्या दिवशी मी बंबापाशी होतो, उस्ताद. मी पाह्यलं होतं. काच भरलेली होती.